सावलीच्या मागे रोह्यापर्यंत

25 डिसेंबर. पेणमधल्या गणपतीच्या एका कारखान्यात सकाळी थांबले होते. दिवस कासराभर वर आला होता. फळीवरच्या ओल्या मूर्ती सावलीत सरकवत मावशी म्हणाल्या, "ऊन त्या उंबऱ्याला टेकलं की आमचा चहा. उन्हाळ्यात मात्र ते इथं येतच नाही. तेव्हा पलीकडचा खांब बघायचा."

मावशींचं निरीक्षण अचूक होतं. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनीच. डिसेंबरअखेर पेणला तो पूर्वेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. नुसत्या उगवतीवर दिशा धरली तर वाट चुकेल. त्यावर आपल्या ज्योतिषग्रंथांतला जुना उपाय म्हणजे शंकू, सपाट जमिनीवर ओळंब्यात उभी केलेली काठी. ती रोह्यात रोवून पाहायची होती.

रोह्याची गाडी दक्षिणेला जाते, म्हणून डावी खिडकी धरली. कासू गेलं, नागोठणे गेलं. रूळ वळले की मांडीवरचं ऊन समोरच्या बाकावर सरकायचं. डोळे मिटूनही वळणं कळत होती.

कुंडलिकेच्या काठी मीटरभर काठी उभी केली आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखलं. 11 वाजून 20 मिनिटांनी सावलीचं टोक वर्तुळात शिरलं, 1 वाजून 56 मिनिटांनी बाहेर पडलं. त्या दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. भर मध्यान्ही सावलीची लांबी इतकी हळू बदलते की क्षण हाती लागत नाही. दोन खुणांचा मध्य मात्र तो नेमका देतो: 12 वाजून 38 मिनिटं. त्या सुमारास सावली जेमतेम 89 सेंटिमीटर होती आणि उत्तरेकडे बोट दाखवत होती. दिशा आणि वेळ एकाच रेघेत मिळाली.

आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, रोहा 73.1 वर. अंशाला चार मिनिटं, म्हणून इथला दिवस अडतीस मिनिटांनी उशिरा माथ्यावर येतो. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत 39 मिनिटं मागचा 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत टिकून होता. आपल्या डोक्यावरच्या सूर्याशी इमान राखणारी ती वेळ त्या काठीपाशी बसून मला फार जवळची वाटली.

संध्याकाळी पेणला परतताना पुन्हा डावी खिडकीच धरली. सकाळी त्या हाताला उगवती होती, आता मावळती.