अजून दोन राऊंड

माझं वजन उतरायला लागलं ते कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर. परभणीत चालायला जायचं म्हटलं की बऱ्याच जणांची पावलं तिकडेच वळतात. दोन्ही बाजूंना झाडं, पलीकडे प्रयोगाची शेतं, आणि पहाटे रस्त्यावर वाहनं तुरळक. पंचेचाळिशी ओलांडली तशी रक्तातली साखर काठावर आली, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू करण्याआधी रोज चाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी आणि जिंतूर रोडवरचं रोजचं जाणं-येणं, त्यामुळे पहाट सोडली तर दुसरी सोयीची वेळ नव्हती.

पहिले काही महिने काटा सुरळीत खाली आला आणि मग एका जागी थांबला. आमच्यासोबत चालणाऱ्या बायकांकडे त्यावर एकच उपाय होता. "कामून थांबल्या बाई? अजून दोन राऊंड मारा." मी मारले. मग संध्याकाळचंही चालणं सुरू केलं. भात बंद केला, रात्रीची भाकरी अर्धी केली. एप्रिल संपत आला होता. तेव्हा आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला सहज जातो आणि मे महिन्यात त्याच्याही पुढे. पहाटे सहा वाजताही जमीन गार झालेली नसते. चालून आल्यावर वजन केलं की काटा खाली दिसायचा, पण ते घामाचं पाणी होतं. दुपारपर्यंत माठातलं पाणी पिऊन भरून यायचं. उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, म्हणून तेवढ्याच चालण्याला हृदयाला जास्त धावावं लागतं. दमणूक वाढते म्हणून चरबी जास्त जळते असं होत नाही.

त्या दिवसांत झोप मध्येच मोडायची. सकाळी अंथरुणातच मनगटावर बोट ठेवलं तर नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागायची. वर्गात पोरांवर विनाकारण आवाज चढायचा. अंगावरचे कपडे सैल झाले होते, बघणाऱ्या बायका कौतुक करत होत्या आणि मला मात्र गॅसचं सिलिंडर सरकवताना दंडात जोर सापडत नव्हता.

टाच दुखते म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले. तरुण मुलगी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने टाच नंतर पाहिली. आधी खुर्चीत बसवलं, हात छातीशी घ्यायला लावले आणि म्हणाली, "मॅडम, हात न टेकता उठा, बसा, परत उठा." थोड्याच वेळात मांड्या थरथरायला लागल्या. मी रोज इतकी चालणारी बाई! तिने तिथेच समजावून सांगितलं: चालण्याने दम वाढतो, मांड्या, पाठ, दंड यांना तेवढ्यावर भागत नाही. कमी खाऊन वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि चाळिशीनंतर ते आपले आपणही कमी होत असतात. तिने आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलायला सांगितली आणि संध्याकाळचं चालणं थांबवलं. हिमोग्लोबिन तपासून घ्या, हेही तिनेच सुचवलं. ते कमी निघालं.

हिमोग्लोबिनची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. रक्तात लोह कमी असलेली बाई राऊंड वाढवते, धाप लागली की स्टॅमिना कमी आहे असं समजते आणि आणखी वाढवते. आपल्या बायकांनी व्यायाम वाढवण्याआधी ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी, असं मी भेटेल तिला सांगते. मी लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि ज्वारी पुन्हा ताटात आणली. ज्या विद्यापीठाच्या रस्त्यावर आम्ही चालतो, तिथूनच २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आलं, नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त लोह आणि जस्त असलेलं. वजन उतरवायचं म्हणून भाकरी सोडणाऱ्या परभणीकर बायकांना हे माहीत असायला हवं.

वजनं उचलायला मी जिम लावली. तिथली आमची लेडीज बॅच संध्याकाळची. पहिल्या आठवड्यात मी नुसती काठी खांद्यावर घेऊन बैठका मारल्या. मग दोन्ही हातांत हलके डंबेल, मग बारला छोट्या प्लेट. जमिनीवरून वजन उचलताना कंबर वाकू न देता मांड्यांच्या जोरावर कसं उठायचं, हे शिकायला वेळ लागला; पण शाळेत पुस्तकांचे गठ्ठे उचलताना त्याचा लगेच उपयोग झाला. आमच्या ट्रेनर ताईंचा एक नियम आहे: शेवटच्या सेटला अजून दोनदा उचलता येईल असं वाटतं, तिथेच वजन खाली ठेवायचं. रोज शेवटचा थेंब काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर चालेल, जिना उतरता आला पाहिजे.

चालणं मी सोडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जे प्रमाण सांगितलं, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम, असं दोन्ही आहे. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. तीस मिनिटं पाच दिवस चाललं की खालचं माप भरतं. आमच्या गटातल्या कितीतरी जणी ते केव्हाच ओलांडून गेल्या होत्या, आणि दुसऱ्या अर्ध्याला कुणी हातच लावला नव्हता.

दोन्ही केलं की दुप्पट वजन उतरतं, असं बॅचमध्ये अनेकींना वाटतं. तसं होत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा २०१२ चा एक अभ्यास आहे. वजन जास्त असलेल्या माणसांचे तीन गट आठ महिने पाहिले होते. चरबी उतरवण्यात नुसतं कार्डिओ करणारे आणि दोन्ही करणारे जवळपास सारखेच ठरले. स्नायू मात्र वजनं उचलणाऱ्या दोन्ही गटांचे वाढले. म्हणजे वजनं उचलायची ती काट्यासाठी नव्हे. त्याहून जुना, १९८० चा रॉबर्ट हिक्सनचा प्रयोग आहे. त्यातल्या एका गटाने आठवड्यातले पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमाचा जोरकस व्यायाम एकत्र केला. सात-आठ आठवडे त्यांची ताकद वाढली आणि मग उलटी घसरायला लागली. फक्त ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांची दहाव्या आठवड्यापर्यंत वाढतच होती. आमच्यासारखं दोन दिवस उचलणाऱ्यांना एवढी भीती नाही, पण दोन्हींचा अतिरेक केला तर काय होतं ते त्यात दिसतं. म्हणून वजनांच्या दिवशी मी आधी ताज्या अंगाने वजनं उचलते, ट्रेडमिलवर नंतर फक्त दहा मिनिटं पाय मोकळे करते. लांब चालणं दुसऱ्या दिवशी.

काट्याबद्दलचं माझं मत बदललं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यामुळे. २००४ मध्ये त्यांनी आपला आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरमित्राचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दिला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यांनी स्वतःच्या देहावरून दाखवलं. मधुमेहाच्या काठावर उभ्या असलेल्या माझ्यासारखीला हे कळणं गरजेचं होतं, कारण जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच. आता मी वजन पंधरवड्यातून एकदा करते. कंबरेचा टेप जास्त वेळा काढते. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली जाते, आणि मी अजून तिच्या वर आहे.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी माझं हे सगळं ऐकत असतात. पहाटे रानात जाऊन यायचं, मग शाळेत मोठाली पातेली उचलायची, कापसाच्या दिवसांत परत वेचणीला. एकदा म्हणाल्या, "बाई, आमाला कुठं व्यायाम लागतोय!" खरंच आहे. त्यांना कमी पडते ती विश्रांती, आणि वरणाची दाट वाटी. मला एक अभ्यास आठवतो. टांझानियातल्या हाड्झा या शिकारीवर आणि रानातलं गोळा करून जगणाऱ्या लोकांच्या ऊर्जाखर्चाची संशोधक हर्मन पॉन्ट्झर यांनी मोजणी केली, ती २०१२ मध्ये छापून आली. दिवसभर चालणाऱ्या त्या माणसांचं शरीर शहरी माणसाएवढीच ऊर्जा खर्च करत होतं. हालचाल वाढली की शरीर आतला दुसरा खर्च आवरतं, असं पॉन्ट्झर यांचं म्हणणं. मावशींकडे पाहिलं की मला तो आवरलेला खर्च कुठून निघत असेल, याची काळजी वाटते. मी त्यांना व्यायाम शिकवत नाही. अंडी आणि हरभरे याबद्दल बोलते, आणि तपासणीला सोबत घेऊन जाते.

जेवणाचं माझंही तेच. सकाळी मोड आलेली मटकी नाहीतर दोन अंडी, दुपारी भाकरीबरोबर दाट वरण, जिमहून आल्यावर दही आणि शेंगदाण्याची चटणी. रात्री पिठलं असेल तर दुसरं काही शोधत नाही.

आमच्या बॅचमधल्या दोघी रमजानमध्ये संध्याकाळची वजनं बंद ठेवतात आणि इफ्तारनंतर थोडं चालतात. ईदनंतर त्या हलक्या प्लेट लावून सुरुवात करतात आणि हळूहळू पूर्वीच्या वजनावर येतात. आम्हा बाकीच्यांना नवरात्रात हेच करायला हवं होतं, पण नऊ दिवसांच्या उपवासात साबुदाण्यावर राहून आम्ही सगळे सेट पूर्ण करायचो आणि दसऱ्याला अंग धरून बसायचो. यंदा बॅचमध्ये ठरलं आहे: घटस्थापनेपासून नुसतं चालणं, तेही अर्धा तास. ज्यांचा उपवास कडक आहे त्यांनी तेही नाही. दसरा झाला की पहिले काही दिवस निम्मं वजन, दोनच सेट, आणि कोजागरीनंतर नेहमीच्या प्लेट.