झावळीची पात

वसईतल्या त्या घरात येशूच्या तसबिरीमागे माडाच्या पातीचा एक क्रूस जवळजवळ वर्षभर खोचलेला असतो. झावळ्यांच्या रविवारी तो पोपटी असतो, पावसाळा सरेतो तपकिरी होतो आणि माघ-फाल्गुनात हात लावला की त्याचा चुरा पडतो. घरातल्या आजी सहा-सात वर्षांच्या असल्यापासून दर साली तो स्वतः वळतात. पात दुमडायची, दुसरी आडवी घालायची, टोक मागून ओवून ओढून घ्यायचं. दोरा नाही की टाचणी नाही.

लहानपणी झावळी म्हणजे मिरवणूक, एवढंच त्यांना ठाऊक. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी वाटेवर फांद्या अंथरल्या, त्याची ती आठवण. पुढल्या शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, मात्र वेदी उघडीबोडकी दिसायची, घंटा मुकी व्हायची. तो का मेला, हे लॅटिन प्रार्थनांतून पोरांना कसं कळणार? तसं मराठीत ते कधीच सांगून झालं होतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापलं गेलं. वेदीवर मराठी यायला मात्र दुसरी व्हॅटिकन परिषद (1962 ते 1965) व्हावी लागली.

देवळातली उपासना, म्हणजे मिस्सा, मराठीत सुरू झाली आणि आजींच्या हातातली झावळी जड झाली. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त वाचतात. येशूच्या तोंडचं धर्मगुरू वाचतात आणि जमावाच्या तोंडचं बाकांवरची माणसं. हाती स्वागताची झावळी, तोंडी त्याला क्रुसावर द्यायची मागणी! पहिल्या वर्षी आजींच्या तोंडून ते शब्द फुटेनात.

शतकानुशतकं ख्रिस्ती जगाने त्या मागणीचा दोष ज्यूंच्या माथी मारला आणि त्यांचा छळ केला. ते घोर पाप होतं. येशूच्या मरणाचा ठपका त्या काळच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येणार नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच 1965 मध्ये जाहीर केलं. ओरडणारा जमाव आपणच, हे बाकावर बसूनच उमगतं.

एरवी बळी माणूस देतो, देव घेतो. ख्रिस्ती श्रद्धेत देवानेच स्वतःला दिलं, तेही मारणाऱ्यांसाठी. मिसरमधून ज्यूंच्या सुटकेच्या रात्री ज्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, त्या वल्हांडणाच्या कोकराचं नाव पहिल्या ख्रिस्ती लोकांनी येशूला दिलं. त्यांच्या लेखी क्रूस म्हणजे सुटका.

वाडीच्या बांधावरून आजींचं दिराशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. एका झावळ्यांच्या रविवारी जमावाचे शब्द म्हणून त्या घरी आल्या आणि त्यांनी दोन क्रूस वळले. दुसरा घेऊन ऊन उतरायच्या आत दिराच्या ओटीवर गेल्या. भावजींनी तो घेतला, पाट मांडला. बांधाचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

राखेच्या बुधवाराआधी जुने क्रूस देवळात गोळा करून जाळतात. यंदाही दोन्ही घरांतले क्रूस एकाच टोपलीतून गेले आणि त्यांचीच राख दोघांच्या कपाळाला लागली.