वीस रात्रींची एक रात्र

आमच्या घरी अंघोळीचा साबण क्वचितच विकत आणला जातो. बाबा कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायला गावोगाव फिरतात आणि परतल्यावर बॅगेतून कागदात गुंडाळलेली एक चपटी वडी निघते. आता हॉटेलांनी भिंतीवर पंपाच्या बाटल्या लावायला सुरुवात केलीय, त्यामुळे हा पुरवठाही आटत चाललाय. पण साबणापेक्षा मोठी एक गोष्ट बाबा दर मुक्कामाला घरी आणत होते, हे मला यंदा कळलं. ते पॉइंट आणत होते.

ही भानगड माझ्यासारखीच ज्यांना नवी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1981 मध्ये एका अमेरिकन विमान कंपनीनं नेहमीच्या प्रवाशांच्या मैलांचा हिशोब ठेवायला सुरुवात केली. दोनच वर्षांत हॉटेलवाल्यांनी तीच युक्ती उचलली. मॅरियटची योजना 1983 ची, तिचं आजचं ‘बॉनव्हॉय’ हे नाव 2019 चं. खोलीभाड्याच्या दर डॉलरमागे साधारण दहा पॉइंट. यातली गंमत अशी की पॉइंट बिल भरणाऱ्याला मिळत नाहीत, झोपणाऱ्याला मिळतात. बिल बाबांची कंपनी भरते, पॉइंट बाबांच्या खात्यात जातात.

मी वहीत हिशोब मांडला. खोली पाच हजारांची धरली तर साठ डॉलर, म्हणजे एका रात्रीचे सहाशे पॉइंट. आम्हाला हवी असलेली खोली बारा हजार पॉइंटांची होती. म्हणजे बाबा वीस रात्री घराबाहेर झोपले की आम्हाला एक रात्र त्यांच्याबरोबर हॉटेलात झोपता येणार. त्या वीस रात्री कुठल्या, हे मी आठवायला लागले. एका गौरी-विसर्जनाला ते वडोदऱ्यात होते. माझ्या बारावीच्या निकालाला जमशेदपूरला, मार्क फोनवर सांगितले होते. मग मी वही मिटली.

खोली हवी होती भोपाळला. आजोबा 1963 साली अमरावतीहून डिप्लोमा करून तिकडे गेले ते हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये. सरकारनं 1956 मध्ये काढलेली ही कंपनी. एका इंग्रज कंपनीच्या मदतीनं कारखाना उभा राहिला आणि नोव्हेंबर 1960 मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे 1974 मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. (मुंबईत वाढलेल्या मुलीला भेल म्हटलं की चौपाटीच आठवते. लहानपणी मला वाटायचं, आजोबांची भेळेची गाडी होती.) कारखान्याभोवती गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा अशी आख्खी वसाहत वसली. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं तिथेच. आजी-आजोबांनी गोविंदपुऱ्यातल्या क्वार्टरमध्ये बत्तीस वर्षं संसार केला. 2001 मध्ये आजोबा निवृत्त झाले, क्वार्टर परत केलं आणि दोघं डोंबिवलीला आमच्याकडे आली.

गेल्या दिवाळीपासून आजीनं घोषा लावला होता, ‘एकदा घर बघून येऊ.’ घर म्हणजे ते क्वार्टर. डोंबिवलीचा फ्लॅट तेवीस वर्षांनंतरही तिच्यासाठी ‘तुमच्याकडे’ आहे.

तेवढ्यात बाबांना संदेश आला की त्यांच्या क्रेडिट कार्डावर मिळालेली एक मोफत रात्र जानेवारीअखेर बाद होणार. एचडीएफसी बँकेनं मॅरियटबरोबर 2023 मध्ये हे कार्ड काढलं. त्यात पंधरा हजार पॉइंटांपर्यंतच्या खोलीची एक रात्र मिळते. मोफत म्हणायचं, पण कार्डाची वर्षाची फी तीन हजार आणि वर कर, तेव्हा ते ‘मोफत’ जरा हळूच म्हणावं. ही एक खोली आणि पॉइंटांची दुसरी, अशा दोन खोल्या शनिवारसाठी ठरल्या. हॉटेल एम. पी. नगरजवळच्या डीबी सिटी मॉलला लागून असलेलं, तिथून गोविंदपुरा काही किलोमीटरवर. आईच्या शाळेत परीक्षा होती, म्हणून आम्ही चौघंच निघालो.

खरा प्रश्न आजोबांनी पंजाब मेलमध्ये काढला, कल्याण सुटल्या सुटल्या.

‘बिल कोणी भरलं होतं?’

‘कंपनीनं, अण्णा.’

‘मग रात्र कंपनीची. तू तिथे नेऊन आम्हाला कसा झोपवतोस?’

आजोबा ऑफिसची पेन्सिल घरी आणत नसत, ही आमच्या घरातली पुराणकथा आहे. बाबांनी समजावलं की कंपनीला सगळं माहीत आहे, पॉइंट ज्याचे त्यानं ठेवायचे असं धोरणच आहे. आजोबांना ते पटलं नाही. मी नंतर शोधलं, तर त्यांचं म्हणणं अगदीच जुनाट नव्हतं. सरकारी कामाच्या विमान तिकिटांवर मिळालेले मैल कर्मचाऱ्यानं स्वतःसाठी नाही, खात्याच्याच पुढच्या प्रवासासाठी वापरायचे, असा आदेश केंद्राच्या अर्थ खात्यानं काढलेला आहे. म्हणजे आजोबा बोलत होते ते सरकारी खात्यात चाललं असतं.

बाबा सहसा त्यांच्यासमोर आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाले, ‘अण्णा, खोलीचे पैसे कंपनीचे होते. रात्र माझी होती.’

आजोबांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि पांघरूण ओढून घेतलं. मी वरच्या बर्थवर होते. मला ते वीस रात्रींचं गणित कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, पण कुणाला दाखवायचं हे कळेना.

भोपाळला उतरल्यावर आजोबांनी टॅक्सीवाल्याशी हबीबगंज, हबीबगंज असंच बोलायला सुरुवात केली. त्या स्टेशनचं नाव 2021 मध्ये राणी कमलापती झालंय, पण टॅक्सीवाल्यालाही काही अडलं नाही. आजोबांचं मराठी तिथे पोचल्यावर एकदम बदललं. किल्लीची ‘चाबी’ झाली, पिशवीची ‘थैली’. हॉटेलात खोलीची चाबी म्हणजे प्लास्टिकचं पत्र्यासारखं कार्ड. ते त्यांनी खिशाला लावलेल्या पेनामागे जपून ठेवलं. आजीनं गादी दाबून बघितली, खिडकीतून खाली मॉल बघितला आणि विचारलं, ‘इथून आपलं घर कुठल्या बाजूला?’ बाबांनी बोट दाखवलं. तिकडे धुकंच होतं.

क्वार्टर सापडलं. पण त्यात कुणी राहत नव्हतं. त्या ओळीतली बरीच घरं रिकामी होती, भिंतीचा रंग पोपडे धरून सुटलेला, अंगणात कमरेएवढं गवत. आजीनं लावलेला पेरू मात्र छपरापर्यंत गेला होता. दाराला कुलूप. आजी खिडकीच्या गजांतून आत बघत राहिली. ‘ओटा तसाच आहे,’ एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं उलट आम्हाला कामाला लावलं. बाबांना हात उंचावून दोन पेरू काढायला लावले, आजोबांना पिशवी धरायला. ‘हे तरी आपले ना?’ असं तिनं आजोबांना विचारलं. आजोबा चक्क हसले.

हे सगळं ठीक झालं. अडचण वेगळ्याच ठिकाणी झाली.

साकेत नगरात आजीची एक मैत्रीण राहते, मी तिला साकेतआजीच म्हणते. आम्ही हॉटेलात उतरलोय हे कळल्यावर ती फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, ‘बरं. हॉटेलात सोय चांगली असते.’ या वाक्यानं आजीचा चेहरा उतरला.

कारण मला रात्री कळलं. आजी आणि मी एका खोलीत होतो. एसी बंद कर म्हणाली, मग सांगायला लागली. 1984 च्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखेच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा साकेतआजीचं कुटुंब जुन्या शहरात राहत होतं. ते डोळ्यांवर ओली फडकी धरून, मिळेल त्या वाहनानं, मिळालं नाही तिथे पायी, पहाटे गोविंदपुऱ्यात आजीच्या दारात आले. बरोबर त्यांचे शेजारीही होते. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये चौदा माणसं. बाबा तेव्हा तेरा वर्षांचे, ते स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपायचे. शेजारी पाच दिवसांनी गेले, साकेतआजी तान्ह्या मुलाला घेऊन महिनाभर राहिली.

‘तिला वाटलं असणार,’ आजी म्हणाली, ‘आपलं एक दिवसाचंही ऋण हिनं मला फेडू दिलं नाही.’

‘पण तू ऋण मानतेस का?’

‘मी नाही मानत. ती मानते ना.’

हॉटेलची योजना झोपलेल्या प्रत्येक रात्रीची नोंद ठेवते, मुदत संपायच्या आधी आठवणही करते. आजीच्या त्या महिन्याची नोंद फक्त या दोन बायकांकडे होती, आणि मुदत संपलेली नव्हती.

सकाळी आमच्या पॉइंटांत नाश्ता बसत नाही असं कळलं. बाबा वेगळे पैसे भरायला तयार होते. आजोबांनी ठाम नकार दिला आणि आम्हाला पिपलानीच्या बाजारात पोहे-जिलबी खायला नेलं. वाफेवरचे पिवळे पोहे, वर शेव, बाजूला गरम जिलबी. पैसे त्यांनीच दिले, चौघांचे, सुटे मोजून. खोली सोडायच्या आधी मी त्यांच्या खोलीत डोकावले तर त्यांनी दोन्ही चादरींच्या घड्या घालून पायथ्याशी ठेवल्या होत्या, उशा त्यावर. बाबा म्हणाले, ‘अण्णा, ते लोक करतात.’ आजोबा म्हणाले, ‘करू देत की. पण मी झोपलो होतो ना?’ काउंटरवर शून्य रुपयांची पावती मिळाली. तीही त्यांनी मागून घेतली.

गाडी संध्याकाळची होती. आजीनं कुणाला न विचारता साकेतआजीला फोन लावला. ‘आम्ही बाराला येतोय. जेवायला कर, आणि गाद्या काढून ठेव.’

गाद्या खरंच काढलेल्या होत्या. हॉलमध्ये ओळीनं चार, वर धुतलेले पलंगपोस, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. वरण-भात, वांग्याची भाजी आणि आमच्याच पेरूची कोशिंबीर झाली. साकेतआजी फार काही बोलली नाही. ताटं उचलली आणि म्हणाली, ‘रात्र नाही तर नाही, दुपार तरी झोपून जा.’

आजोबांनी नाही-होय केलं नाही. भिंतीकडची गादी धरली. दोघी मैत्रिणी एकाच गादीवर आडव्या होऊन कुणाच्या तरी सुनेबद्दल कुजबुजत होत्या. बाबा सगळ्यांत आधी घोरायला लागले.