ठसा दुसऱ्याचा, कार्ड तुझं

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. यंदा दिवाळीच्या फराळाच्या डब्यांना लावायचे टॅग आणि संक्रांतीची शुभेच्छापत्रं बाजारातून न आणता रबरी ठसे वापरून घरीच करायची असं तू ठरवलंस, आणि ‘चित्र ठशातलं, मग त्यात हातचं काय उरलं?’ या प्रश्नाशी अडलीस. प्रश्न वरवरचा नाही, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. एखादी वस्तू हातची ठरायला तिच्यावरची प्रत्येक रेघ आपणच काढलेली असावी लागत नाही. ती कोणाला द्यायची आहे हे मनात धरून तिच्याबद्दलचे निर्णय आपण घेतलेले असावे लागतात. ठशातून रेघ आयती मिळते, निर्णय मिळत नाहीत. ते घ्यायची तयारी असेल तर तुझी कार्डं पूर्णपणे तुझी आहेत. नसेल, तर ती नुसती सावकाश केलेली छपाई होईल.

तुझ्या शंकेमागे इतिहास उभा आहे हे मान्य करायला हवं. चार्ल्स गुडइयरला 1839मध्ये गंधक घालून तापवलेलं रबर टिकाऊ होतं हे कळलं आणि 1844मध्ये त्याला अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं. पुढे 1860च्या दशकात तिथेच रबरी शिक्के बनू लागले. दातांच्या कवळ्या घडवायला दंतवैद्य ज्या भट्ट्या वापरत, तशाच भट्ट्या सुरुवातीच्या शिक्केवाल्यांच्याही कामी आल्या. या शिक्क्याचं कामच मुळी असं होतं की कोणत्याही कारकुनाने, कोणत्याही कागदावर, फारसा विचार न करता तीच खूण पुन्हा पुन्हा उमटवावी. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांतल्या जांभळ्या शाईच्या शिक्क्यांनी तीच आठवण मनात पक्की केली आहे. नाताळच्या छापील शुभेच्छापत्राचा जन्मही वेळ वाचवण्यातूनच झाला. इंग्लंडमध्ये 1840मध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि पत्रव्यवहार भराभर वाढला. नाताळच्या इतक्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ नाही, म्हणून हेन्री कोल यांनी 1843मध्ये चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून एक चित्र काढून घेतलं, ते छापलं आणि वर नाव घालायला रिकामी जागा ठेवली. नाताळसाठी विक्रीला आलेलं पहिलं कार्ड म्हणून तेच ओळखलं जातं. म्हणजे तुझ्या छंदाची दोन्ही साधनं, ठसा आणि कार्ड, श्रम वाचवायला जन्माला आली. पण साधन कशासाठी जन्मलं यावरून त्याचं पुढे काय होईल हे ठरत नाही. घाईची सगळी कामं आता फोन करतो. कार्डाला आणि ठशाला घाईचं काहीच काम उरलेलं नाही, म्हणूनच ती दोन्ही सवडीने आणि मन लावून करायच्या कामाला मोकळी झाली आहेत.

आता मुख्य आक्षेप: चित्र आपलं नाही. हा नियम लावायचाच ठरवला तर तो सगळीकडे लावून बघ. राजस्थानातल्या सांगानेर आणि बगरूची छापील वस्त्रं आपण निःशंकपणे हातछपाईची म्हणतो. तिथे कापड छापणारा छीपा बहुधा स्वतः ठसा कोरत नाही. कोरणारे कारागीर वेगळे असतात. गुजरातेतलं पेथापूर हे गाव तर सागवानी ठसे कोरण्यासाठीच ओळखलं जातं. जपानमध्ये चित्रकार होकुसाईने चित्र काढलं की लाकडावर ते कोरणारा वेगळा आणि कागदावर छापणारा वेगळा असे. अशा छपाईत छापणाऱ्याचा हात गौण आहे असं जाणकार म्हणत नाहीत. कापडावर बाह्यरेषेचा ठसा, पार्श्वभूमीचा ठसा आणि आतले रंग भरणारे ठसे वेगवेगळे असतात. एकाची कड दुसऱ्याला नेमकी कुठे मिळवायची, हाताचा भार किती द्यायचा, रंग किती घ्यायचा, यांतच त्याचं कसब असतं आणि कापडाचा जीव त्यावरच ठरतो. मूळ आकार दुसऱ्याचा असूनही काम हातचं असू शकतं हे आपण कापडाच्या बाबतीत कधीच मान्य केलं आहे. कागदाला वेगळा न्याय लावायचं कारण नाही.

कागदावर हे निर्णय कोणते, ते नीट पाहू, कारण माझं सगळं म्हणणं त्यांवरच उभं आहे. कागदापासून सुरुवात होते. एफोर आकाराचा, अडीचशे ते तीनशे जीएसएमचा जाड कागद अर्धा कापून मधे दुमडला की पोस्टकार्डाएवढं कार्ड होतं. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर कडेला तडकते. मग शाई. डाय शाई कागदात मुरते आणि लवकर वाळते, पण सैल विणीच्या हातकागदावर तिची कड फुटते. पिगमेंट शाई कागदाच्या वर राहते, रंग भरदार देते आणि सावकाश वाळते. ती ओली असतानाच एम्बॉसिंग पावडर भुरभुरून हीट गनने तापवली की ती वितळून रेघ उठावदार होते. बारीक रेघांच्या ठशाला शाईची गादी हलकेच टेकवायची असते. दाबली की खाचांत शाई भरते आणि चित्र बुजतं. ठसा सरळ खाली टेकवायचा, डोलवायचा नाही, सरळ वर उचलायचा. एकाच ठशाचा पहिला छाप रद्दी कागदावर घेऊन, पुन्हा शाई न लावता दुसरा कार्डावर घेतला तर तो फिका येतो आणि चित्रात दूरचा वाटतो. एक छाप वेगळ्या कागदावर घेऊन कापून काढायचा, त्याने कार्डावरचा पहिला छाप झाकायचा आणि त्याच्या कडेवर दुसरा मारायचा, की एक फूल दुसऱ्या फुलामागे गेल्यासारखं दिसतं. याला मास्किंग म्हणतात. एका पानाचा एकच ठसा घेऊन कोणी तोरण करेल, कोणी वेल, कोणी कोऱ्या कार्डाच्या कोपऱ्यात एकच पान उमटवून बाकीची जागा मोकळी ठेवेल. तिघांची रेघ एकच, पण कार्डं तीन माणसांची, हे बघताक्षणी कळतं.

रेघ आणि निर्णय यांतला हा भेद मी माझ्या सोयीसाठी उभा केलेला नाही. ठसे विकणाऱ्यांच्या व्यवहारातही तो आहे. अमेरिकेत या छंदाचा मोठा बाजार आहे आणि तिथल्या अनेक कंपन्या ‘एंजल पॉलिसी’ नावाची सवलत देतात. ठशावरच्या चित्राचा हक्क कंपनीचाच राहतो. पण तो ठसा वापरून हाताने छापलेली कार्डं कोणी विकली तर कंपनीची हरकत नसते. काहींच्या अटी असतात, कोणी कार्डामागे कंपनीचं नाव मागतं. बहुतेकांची एक अट मात्र सारखी असते: चित्र स्कॅन करून किंवा झेरॉक्स काढून कार्डं काढायची नाहीत. ज्यांचा हक्क त्या चित्रावर आहे तेच हाताने मारलेला छाप आणि यंत्राने काढलेली प्रत या दोहोंत फरक करतात. चित्र दोन्हीकडे तेच असूनही, हाताच्या छापात छापणाऱ्याचं स्वतःचं काही आहे हे इथे कराराच्या पातळीवर मान्य झालं आहे.

पण इथेच थांबले तर माझं म्हणणं अर्धंच राहील. हात लागला एवढ्याने भागत नाही. एकच मांडणी, एकच शाई, तोच ठसा आणि पन्नास कार्डं ओळीने मारली, तर हात प्रत्येकाला लागला, निर्णय मात्र एकदाच झाला. उलट, पूर्णपणे छापखान्यातून आलेली वस्तूही एका खुणेने एका घराची होऊ शकते. आपल्या लग्नपत्रिका बघ. शेकडो पत्रिका अक्षरशः सारख्या असतात. पण घरचं माणूस पाकिटावर नाव घालतं, पत्रिकेला हळदकुंकवाचं बोट लावतं, आणि मगच ते आमंत्रण होतं. छापलेलं सर्वांचं असतं. नाव आणि बोट हे त्या एका घरासाठी असतं. म्हणून तुझ्या प्रत्येक कार्डाला एक कसोटी लाव. वरचं नाव झाकलं आणि दुसऱ्या कोणाचं घातलं, तर काही बिघडतं का? काहीच बिघडत नसेल तर ते कार्ड अजून झालेलं नाही. आजीला डोळ्यांमुळे बारीक नक्षी दिसत नाही, तर तिच्या कार्डावर एकच मोठा, गडद ठसा हवा. परदेशात एकट्याने शिकणाऱ्या भावासाठी हलव्याची इवलीशी पुडी कार्डाच्या आत बसेल अशी घडी हवी. पुडी दाबली जाऊन फुटू नये म्हणून चित्र एका बाजूला सरकवायला हवं. शेजारच्या डब्यावरच्या टॅगला भोक, त्यात सुती दोरा, आणि चकली, चिवडा, अनारसे यांतलं काय आत आहे ते लिहायला जागा हवी. असे विचार सुरू झाले की ठसा कोणाचा हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

तुझ्या मनात आणखी दोन हरकती असणार, त्यांनाही उत्तर देते. पहिली फोनची. शुभेच्छा क्षणात आणि फुकट पोहोचत असताना कागद, शाई, टपाल आणि आठवड्याची वाट हे सगळं कशासाठी? बातमी पोहोचवायची असेल तर फोनच योग्य, याबद्दल दुमत नाही. लांबच्या माणसाचा आवाज आणि चेहरा तो देतो, तेवढं कार्डाला कधीच जमणार नाही. पण सणाच्या शुभेच्छेत बातमी नसतेच. दिवाळी आली हे दोघांनाही माहीत असतं. तिच्यातून सांगायचं एवढंच असतं की मी तुझी आठवण ठेवली. शंभर जणांना एकाच वेळी पुढे धाडलेल्या चित्रात ही आठवण किती होती हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक, घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. तिघांसाठी केलेल्या तीन कार्डांत तो मार्ग आहे. लागलेला वेळ कागदावर दिसतो आणि तो दुसऱ्या कोणासाठी पुन्हा वापरता येत नाही. म्हणून कार्डं थोडीच कर. साठ जणांना द्यायचा हट्ट धरलास तर तू नकळत पुन्हा हेन्री कोल यांच्याच वाटेवर जाशील.

दुसरी हरकत खर्चाची आणि कचऱ्याची. ती बऱ्याच अंशी खरी आहे, आणि या छंदाचा मी कितीही पुरस्कार केला तरी ती झाकणार नाही. दर हंगामाला नवे ठसे, नव्या रंगांच्या गाद्या, कापायची यंत्रं, चमकी, चिकटपट्ट्या असा बाजार वाढत जातो आणि करण्यापेक्षा जमवण्यातच मन रमतं. एम्बॉसिंग पावडर आणि बहुतेक चमकी हे शेवटी प्लास्टिकच. पण ही टीका खरेदीवर आहे, ठसा मारण्यावर नाही. काळी आणि एखादी लाल अशा दोन शाया आणि दोन-तीन ठसे यांवर काही वर्षं काम करता येतं. ठसे थोडे असले की मांडणीला डोकं जास्त लावावं लागतं, म्हणजे माझ्या म्हणण्याप्रमाणे कार्ड जास्तच हातचं होतं. ठसे विकतच आणायला हवेत असंही नाही. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचं फूल मिळतं, हे शाळेच्या ठसेकामात अनेक मुलं शिकतात. साधं खोडरबरही कोरता येतं: ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने आकृती काढून ती रबरावर पालथी घासली की उलटी उतरते आणि छापताना सुलटी येते, त्यामुळे अक्षरांचा गोंधळ होत नाही. कागदासाठीही झाड तोडायला नको. आपल्या पुण्यात स्वातंत्र्याच्या आधीपासून सुती चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद बनत आला आहे. त्याच्या खडबडीत पोतावर ठशाची रेघ जराशी तुटक उमटते, आणि टॅगसाठी मला तर तीच आवडते.

कोणी अजूनही विचारेल की चित्र हाताने काढणं जास्त प्रामाणिक नाही का. ज्याला काढता येतं त्याने जरूर काढावं. पण ज्याचा हात चित्राला वळत नाही, ज्याची बोटं वयाने थरथरतात, त्याने काय करायचं? छापील कार्ड विकत आणणं आणि चित्रकार होणं या दोहोंच्या मधे त्याला ठशाने एक वाट दिली आहे. चित्रकलेची अट न घालता ठसा निवड करायला लावतो. माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी देणगी आहे, आणि ती कमी लेखून आपण माणसांना शुभेच्छा विकत घ्यायलाच भाग पाडतो.

तेव्हा शंका बाजूला ठेव आणि कामाला लाग. आधी नावांची यादी कर आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाबद्दल एक ओळ लिही. शाई आणि ठसा त्यावरून निवड. ज्याच्यापुढे ओळ सुचणार नाही त्याला या वर्षी फोन कर, कार्ड करू नकोस. प्रत्येक कार्डाच्या आत तुझ्या अक्षरातल्या दोन ओळी असू देत, त्या ठशातून येऊ शकत नाहीत. छाप एखाद्या ठिकाणी फिका आला तर लगेच फाडू नकोस. तेवढी जागा शाईच्या पेनने भरता येते. घरच्या सर्वांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांग.

तुझी,
मावशी