घेणाऱ्यांच्या यादीत आजी

मंगळवारी सिद्धिविनायकासमोर काय गर्दी असते, हे प्रभादेवीकरांना सांगायला नको. त्याच वीर सावरकर मार्गावर, देवळासमोर, साने गुरुजींचं नाव असलेल्या वास्तूत ज्यूंचं एक केंद्र आहे: एव्हलिन पीटर्स ज्युइश कम्युनिटी सेंटर. आजी हा पत्ता मोठ्या कौतुकानं सांगायची. "समोर गणपती, नाव गुरुजींचं आणि आत आपण!"

आम्ही बेने इस्रायल. आडनावापुढे 'कर', घरात मराठी, नव्या वर्षाला चिकाचा हलवा. आजी केंद्रात सणांना हौसेनं जायची. पण आजोबा गेले, औषधं वाढली आणि आईनं मदतीचा अर्ज आणला, तेव्हा तिनं तो पलंगावर भिरकावला.

"आपण देणारे. घेणारे नव्हे."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिची आई स्त्री मंडळाची वर्गणी गोळा करत दारोदार फिरायची. बेने इस्रायल बायकांचं हे मंडळ १९१३ सालचं. त्याआधी, १८७५ मध्ये, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली होती. पुढे देणगीदाराच्या नावावरून ती सर एली कदूरी शाळा झाली. माझगावच्या त्या शाळेत आज बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. आमची मुलं उरली कुठे?

खरी गोष्ट इथेच आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास. बहुतेक इस्रायलला गेले. गेले ते तरुण, कमावते. मागे राहिले त्यांत म्हातारे जास्त. म्हणजे समाज आकसला आणि संस्थांचं काम वाढलं. आधी संस्था शिकवायच्या. १९६०च्या दशकात 'ओआरटी' आली, तिनं तरुणांना हाताला काम मिळेल असं शिक्षण दिलं. त्याच दशकात 'जॉइंट'चं कामही इथे सुरू झालं. १९१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या मदतीसाठी निघालेली ही संस्था. आता मुंबईत कोणाची औषधं, कोणाचा महिन्याचा खर्च, कोणाच्या घरी सणाचं सामान, हे तिच्या आधारानं चालतं.

हे सगळं मी आजीला सांगितलं. ती ढिम्म.

शेवटी मी विचारलं, "आजी, तुझे वडील कारकून कसे झाले गं?"

"शिकले म्हणून."

"आणि त्यांचे वडील?"

"घाणा होता. तेल काढायचे. शनिवारी बंद, म्हणून गाव शनवार तेली म्हणायचं."

"मग फी कोणी भरली?"

आजी गप्प झाली. फी समाजातल्याच कोणीतरी भरली होती, हे तिनंच मला लहानपणी सांगितलं होतं. आमच्या घरातलं पहिलं इंग्रजी अक्षर मदतीचंच होतं. एक पिढी घेते, दोन पिढ्या देतात, मग पुन्हा कोणाची तरी घेण्याची पाळी येते. आपल्याला मधल्या पिढ्यांचाच तेवढा अभिमान असतो.

दुसऱ्या दिवशी तिनं चष्मा मागितला आणि सही केली. पहिल्या महिन्याच्या पैशातले पन्नास रुपये मात्र तिनं सिनेगॉगच्या दानपेटीत टाकायला लावले. "घेतलं तरी देणं थांबवायचं नाही," म्हणाली. पुढे दर महिन्याला तोच नेम.

आजीला जाऊन तीन वर्षं झाली. आता सणाच्या आधीच्या रविवारी मी सामानाच्या पिशव्या पोचवते. लिफ्ट नसलेल्या इमारती, दारावर मेझुझा, आत एकट्या बायका. पाणी दिल्याशिवाय त्या सोडत नाहीत. काहीजणी पिशवी घेताना नजर चुकवतात. त्यांना मी आजीच्या घाण्याची गोष्ट सांगते.

"तू कधी जाणार इस्रायलला?" हे सगळ्याच विचारतात.

मी हसून पुढचा जिना चढते. उत्तर मला ठाऊक नाही. गेले, तर या पिशव्या कोण उचलणार? राहिले, तर चाळीस वर्षांनी यांतलं एक दार माझं असेल. तेव्हा जिना चढून येणारं कोणी असावं, एवढंच वाटतं. मी नजर चुकवणार नाही.