पर्पल वाजवा!

'मेड इन जपान' माझ्या हातात आली ती तिसऱ्या की चौथ्या पिढीची कॅसेट होऊन. कुणाच्या तरी मस्कतच्या काकाने आणलेल्या मूळ कॅसेटवरून एकाने उतरवली, त्याच्यावरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून वर्गातल्या मित्राने, आणि मित्राच्या कॅसेटवरून मी. दर पिढीला झांजांची धार थोडी कमी होत गेलेली. बी बाजू संपली की टेपवर आधीचं राहून गेलेलं भावगीत मधल्याच कडव्यापासून सुरू व्हायचं. त्यावरचे डीप पर्पलचे कार्यक्रम १९७२ च्या ऑगस्टात ओसाका आणि टोकियोत झाले होते. मी ते ऐकत होतो डोंबिवलीत, जवळजवळ पंधरा वर्षांनी, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांसकट. गाण्यांइतक्याच मला त्यातल्या टाळ्या पाठ होत्या. कुठल्या सोलोनंतर जपानी लोक किती वेळ ओरडतात, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

कारण खरा बँड मुंबईत येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये येऊन वाजवून गेले होते, म्हणजे मला रॉक हा शब्द कळायच्याही आधी. १९८० मध्ये 'द पोलिस' आले, होमी भाभा सभागृहात वाजवून गेले, आणि आम्हाला ते कित्येक वर्षांनी समजलं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला मुंबईतला प्रत्येक रॉकवाला त्या रात्री तिथे होता म्हणे. सगळ्यांचं खरं मानलं तर श्रोते रांगेने थेट ससून डॉकपर्यंत गेले असतील.

आमच्या नशिबी होतं रंगभवन. व्हीटीला उतरून महापालिका मार्गाने चालत गेलं की कामा हॉस्पिटल, आणि झेवियर्सच्या मागच्या अंगाला ते उघडं नाट्यगृह. बाबा तिथे नाटकाला जाऊन आलेले होते. 'तिथे गिटार?' एवढंच ते म्हणाले, 'तिथे तर पडदा उघडायच्या आधी अत्तराचा वास यायचा.' १९७८ पासून तिथे जाझ यात्रा भरली, आणि १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक. नावाप्रमाणे ऑगस्टात. भर पावसाळ्यात, वर छप्पर नसलेल्या जागी, विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा जलसा करायचा हा बेत कुणाच्या डोक्यातून निघाला असेल, त्याला माझा आजही नमस्कार.

तिकीट हातात आलं की आधी धोबीतलावला फुर्टाडोजच्या काचेला नाक लावून गिटारी बघायच्या. मग कयानीत एक ब्रुनमस्का दोघांत. आणि मग रंगभवनच्या मागच्या ओल्या पायऱ्या. दिवसभर पाऊस पिऊन बसलेला दगड जीन्समधून आत शिरायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत उतरायचा नाही. स्टेजवर ॲम्पवर निळं प्लॅस्टिक अंथरलेलं, दोन पोरं फडक्याने मायक्रोफोनचे स्टँड पुसतायत, आणि ॲम्पमधून ती घूं, एकसुरी, पन्नास हर्ट्झची. तंबोऱ्यासारखी. मला अजूनही गाण्यापेक्षा गाण्याआधीची ती घूंच जास्त आठवते. तिच्यात सगळं शक्य असायचं.

आणि मग रॉक मशीन. १९८४ साली सुरू झालेला हा मुंबईचाच बँड आमच्या लेखी डीप पर्पलही होता आणि लेड झेपेलिनही. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर. या तिनईकर नावाचं आम्हाला कोण कौतुक! पलीकडच्या महापालिकेत त्या काळी आयुक्तही तिनईकर, आणि इकडे एक तिनईकर गिटार पिळतोय. ज्या आडनावाचा माणूस डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीच्या पाटीवर सापडला असता, त्या आडनावाच्या बोटांतून ओसाका ऐकू येत होतं. कॅसेटवर चार पिढ्यांत बोथट झालेल्या झांजा पहिल्यांदा कानावर सरळ आदळल्या तेव्हा मी दचकलो. बास ड्रमचा ठोका कानांना नव्हे, बरगडीला लागतो, हे कुठल्याच कॅसेटने सांगितलं नव्हतं.

इथवर सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही.

एका वर्षी त्यांनी स्वतःची गाणी वाजवायला घेतली. स्वतः लिहिलेली, स्वतः बांधलेली. आणि आम्ही, रॉकचे एकनिष्ठ भक्त, पायऱ्यांवर उभे राहून बोंबललो. 'पर्पल! पर्पल वाजवा!' ओळखीची चाल सोडून नवं काही ऐकून घ्यायची आमची तयारी नव्हती. ज्यांनी बंडाची गाणी ऐकत मिसरूड फुटवलं, त्यांना बंड फक्त नकलेतलं हवं होतं. पुढे १९८८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या गाण्यांची 'रॉक अँड रोल रेनेगेड' आली, तेव्हा ती मी ऱ्हिदम हाऊसमधून विकत घेतली आणि ही गाणी आपल्याला पहिल्यापासून आवडत होती असं चारचौघांत सांगितलं.

नंतर खरे लोक आले. १९९४ मध्ये जेथ्रो टल आले, आणि एका पायावर उभं राहून बासरी वाजवणारा इयन अँडरसन मी डोळ्यांनी पाहिला. उत्तमच होतं. पण आम्ही फार शहाण्यासारखे बसलो होतो, टाळ्या कुठे द्यायच्या हे माहीत असल्यासारखे.

रंगभवन पुढे गप्प झालं. आजूबाजूला हॉस्पिटलं, कॉलेज, कोर्ट. शांतता क्षेत्राच्या शंभर मीटरच्या नियमात ते चारही बाजूंनी सापडलं. हॉस्पिटलातल्या खाटेवरून आमचा तो गोंगाट कसा वाटत असेल, हा विचार तेव्हा मनाला शिवला नव्हता, आता शिवतो; त्यामुळे तक्रार करवत नाही. आणि २६ नोव्हेंबर २००८ नंतर तर 'रंगभवनची गल्ली' म्हटलं की त्या रात्री तिथे गोळ्यांना बळी पडलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर आठवतात. तिथून जाताना गिटारीचं काही बोलायला जीभ रेटत नाही.

त्या बोंबलण्याच्या रात्री मित्राने शबनम पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, टेपरेकॉर्डर आणला होता. ती कॅसेट मध्यंतरी त्याच्या घराच्या आवराआवरीत निघाली आणि त्याने ती मोबाइलवर उतरवून पाठवली. म्हणजे पिढी पहिलीच. पाऊस आहे, पिशवीची खसखस आहे, लांब कुठेतरी बँड आहे. नवं गाणं सुरू होतं. गिटार जेमतेम एक वळण घेते, आणि पिशवीच्या अगदी जवळून कुणीतरी कोवळ्या, फाटक्या आवाजात ओरडतं. तो आवाज माझा.

इयरफोन लावून मी ते चाळीस सेकंद परत परत ऐकतो. माझ्या ओरडण्याच्या मागे ड्रम चालू आहेत, बास चालू आहे, गाणाराही थांबलेला नाही. शब्द मात्र लागत नाहीत.