पाच मिनिटं आधी

आमचा भाचा पुण्याला ‘कर्नल’चे टायमर दुरुस्त करतो. सायखेड्यापासून देवळालीचा तोफखाना काही फार लांब नाही, त्यामुळे आमच्या अक्कानं गावभर सांगून टाकलं की पोरगा लष्करात साहेबांची घड्याळं सांभाळतो. सुट्टीला आला तेव्हा उलगडा झाला. कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. (आमच्या बी.कॉम.ला हे नव्हतं.)

हा गाभा म्हणे सारखा टिकटिक मोजत असतो. जुन्या लिनक्समध्ये सेकंदाला 100. आकडा 4,29,49,67,295 झाला की पुढची टिकटिक शून्य! हे घडतं सुमारे 497 दिवसांनी. मग ‘अमुक आकड्याला मला उठव’ म्हणून झोपलेली कामं काही भलत्या वेळी उठतात, काही उठतच नाहीत.

मला लगेच पटलं. आमच्या शाखेत टोकनं 1 ते 100, मग पुन्हा 1. एकदा 98 चालू असताना कांद्याचे पैसे काढायला आलेले एक आजोबा 2 नंबर घेऊन पुढे झाले. “दोन सकाळीच झाला, नवं टोकन घ्या,” मी म्हणालो. त्यांना नवं मिळालं 31.

“मामा, हाच तो बग!” भाचा ओरडला. “कुठला आकडा मोठा ते बघायचं नाही. वजाबाकी करून कोण किती पुढे ते बघायचं.”

विंडोज 95 आणि 98 मिलिसेकंद मोजत, म्हणून 49.7 दिवसांनी बंद पडू शकत. हे कळायला 1999 उजाडलं. तितके दिवस ते सलग चालतं कुणाकडे?

पण माझी झोप उडवली ती पुढच्या गोष्टीनं. 2003 साली आलेल्या लिनक्स 2.6 पासून ही मोजणी मुद्दामच, शून्य व्हायला पाच मिनिटं उरलेली असताना सुरू करतात. चूक असलीच तर ती सव्वा वर्ष उलटल्यावर मध्यरात्री नको. यंत्र सुरू केल्या केल्या, सगळे समोर बसलेले असताना उघडी पडू दे.

मी एका मित्राच्या कर्जाला जामीन आहे. घरी सांगितलेलं नाही. वजाबाकी केली : 481 दिवस. त्याचे तीन हप्ते थकलेत. आता नोटीस येणार, आणि पोस्टमन येतो दुपारी, मी बँकेत असताना.

रात्री जेवणं झाल्यावर हिला सांगून टाकलं. भांडी घासता घासता हिचा हात थांबला. रक्कम विचारली. सांगितली. मग नुसताच नळ वाहत राहिला.

“आणखी काही आहे?” हिनं विचारलं.

घड्याळात अजून पाच मिनिटं व्हायची होती. आणि आणखी होतं.